अप्पांच्या शेजारची जागा

कागल, २ डिसेंबर २०२४

शिवप्रसाद यास,

तुझा पत्ता मी कुणाला विचारत बसले न्हाय. बँकेची नोटीस आपल्या दोघांच्या नावानं निघते, त्यात तुझ्या नावाखाली बंगळुरूचा पत्ता छापलेला असतो. बँकेला सापडलास, मला न्हाय सापडलास. असू दे. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून रजिस्टरनं पाठवतेय. कुणीतरी सही करून घेईल, पोचपावती तरी माघारी येईल.

कामाचं लिहिते, बाकीचं लिहायची मला हौस न्हाय. जागेचा लिलाव परवा दुसऱ्यांदा ठेवला होता. कुणी बोली लावली न्हाय. पहिल्या खेपेलाही तेच झालं. बघायला माणसं येतात बरं का. चारचाकीतनं उतरतात, शेड बघतात, पत्रे बघतात, लाईट थ्री फेज हाय का विचारतात, हायवेवरनं आत ट्रक वळतो का बघतात. सगळं पसंत असतं. मग शेडच्या मागं जातात. तितं अप्पा बसलेत. समाधी दिसली की आवाज खाली येतो. पायातलं काढतात, हात जोडतात आणि गाडीत बसून निघून जातात. एवढे नमस्कार अप्पांना जिवंतपणी मिळाले न्हाईत.

बँकेला ह्यातलं काय ठाऊक न्हाय. त्यांच्या कागदात शेड हाय, मागच्या माझ्या दोन खोल्या हाईत, मोकळी जागा हाय. अप्पा न्हाईत. का न्हाईत ते तुला सांगायला नको. त्यामुळं बँक समजते की जागा सोन्याची हाय आणि गिऱ्हाइकं उगं नखरे करतात.

गेल्या आठवड्यात निपाणीकडचा एक जमिनीचा दलाल आलता. हात न्हाय जोडले त्यानं. म्हणाला, "ताई, हे काय एवढं! जेसीबी लावला की अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, "आधी तुझ्या बापावर लाव, किती वेळ लागतो बघू, मग सांग मला." पळाला. पण असला माणूस परत येणार. लिलावाची किंमत अजून खाली आली की असलाच कोणतरी घेणार, आणि त्याला अडवायला माझ्या हातात काय न्हाय.

म्हणून मी ठरवलंय. गिऱ्हाईक मीच आणणार, अप्पांना बसल्या जागेवरनं उठवणार न्हाय असलं. तो पैसे कमीच देईल, सगळं कर्ज काय त्यातनं फिटायचं न्हाय. पण बँकेनं तेवढं घ्यावं, उरलेलं सोडावं आणि खातं बंद करावं. असं होतं म्हणतात. बँकेतला शिपाई म्हणाला, होत न्हाय. बघू कोण खरं ते.

तुझ्याकडनं मला काय नको. जागेला माझ्याबरोबर तुझं नाव हाय म्हणून कळवलं.

महादेवी


कागल, १९ जानेवारी २०२५

शिवप्रसाद,

पोचपावती आली. सही शिवांजलीची हाय. किती वळणदार अक्षर झालंय गं बाई पोरीचं! तू तिला घेऊन गेलास तवा तिला पेन्सिल धरता येत नव्हती. पाकिटात हलव्याचे चार दाणे घातलेत. पोस्टातल्या बाईनं पाकीट हलवून बघितलं आणि हसली. पोरीला दे. आत्यानं पाठवलेत म्हणून सांगायचं नसंल तर नको सांगू.

गिऱ्हाईक मिळालं. हंबीरराव म्हणून हाईत, कागलातच पशुखाद्याचा धंदा हाय, त्यांना गोडाऊन पाहिजे. आवाज असा की बोलायला लागले की पत्रे वाजतात. मी त्यांना शेड दाखवलीच न्हाय, आधी सरळ मागं नेलं. म्हटलं, "आधी मालक बघा, मग जागा बघा."

त्यांनी बघितलं. "तुमचं वडील व्हय?"

"व्हय. बसलिंगाप्पा. हितं पहिली लेथ त्यांनी टाकली. शेवटी म्हणाले, मला हितंच बसवा, मशीनीचा आवाज ऐकू यायला पाहिजे."

"मग बसू द्या की म्हाताऱ्याला. माझ्या मालाला राखण होईल. पगार मागणार न्हाईत न्हवं?"

मला हसू फुटलं. लई दिवसांनी हसले, माझाच आवाज मला वळखू आला न्हाय. सोमवारी दिवा लावायला मला आत सोडायचं, तेही त्यांनी कबूल केलं. पण किंमत सांगताना माणूस हिशेबाला पक्का. म्हणाले, "बाई, समाधीची जागा आणि तितं जायची वाट माझ्या कामाची न्हाय. उद्या मला विकायची झाली तर मलाबी गिऱ्हाईक गावायचं न्हाय. ते धरून देतो." खोटं काय बोलले? कर्जाचे बारा आणे होतात त्यात. चार आणे बँकेनं सोडायचे.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. वसुलीचं बघणारे ऋतुराज साहेब हाईत, पुण्याकडचे, टक्कल पडलेले, खिशाला दोन पेनं. बोलायला चांगले. म्हणाले, "ताई, आमच्याच मूल्यांकनापेक्षा एवढ्या कमी किमतीला विकायची परवानगी कशी मिळेल? वरून पहिला प्रश्न येईल, किंमत कमी का? मी काय लिहू?"

खरं सांगावं तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, की मग कर्ज वाढवून घेताना कागदावर समाधी का नव्हती. त्याच्या उत्तरात एकाच माणसाचं नाव येतं. मी म्हटलं, "लिहा, मंदी हाय." लिहिलं बिचाऱ्यानं.

बँकेनं मशीनी उचलून नेल्या त्याला वर्ष झालं, तरी सकाळी शेडकडं माझा कान जातो. मी आता फाईव्ह स्टार एमआयडीसीत दुसऱ्याच्या वर्कशॉपात माल तपासायला जाते. माप घ्यायचा व्हर्नियर तसाच, डोळे तेच, पाटीवरचं नाव दुसऱ्याचं. संध्याकाळी एका माणसाच्या भाकरीला पीठ काढायचं म्हणजे डब्यात हात घालू वाटत न्हाय. परवा चहाच जेवले.

महादेवी अक्का


कागल, २७ फेब्रुवारी २०२५

शिवू,

काल शिवरात्र झाली. समाधी धुतली, विभूती लावली, बेल वाहिला. पाणी घालायला एक माणूस आणि घासायला एक माणूस लागतं, ते दोन्ही मीच. कंबर धरलीय.

अर्ज माघारी आला. मंदी त्यांना पुरली न्हाय. वरच्या ऑफिसनं एका ओळीत लिहिलंय की कारण समाधानकारक नाही. मी दुसरा अर्ज केला, त्याला दोन्ही लिलाव फुकट गेल्याचे कागद जोडले. तो कोल्हापूरच्या ऑफिसात गेला. मी एसटीनं मागोमाग गेले, तर म्हणाले पुण्याला गेला. पुण्याला फोन लावला, तर म्हणाले कागलला परत पाठवलाय, सही राहिलीय. माझ्यापेक्षा त्या फाइलनं जास्त देश बघितला. ती परत आली तोवर ऋतुराज साहेब रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेला म्हणतो, "हा विषय मला माहीत नाही." मी म्हटलं, "तुला म्हाईत न्हाय, मला म्हाईत हाय, मी सांगते, तू लिही." त्यानं शिपायाला हाक मारली.

आता सोमवारी आमच्या वर्कशॉपला सुट्टी असते, तर माझं ठरलेलं हाय. सकाळी अप्पांना दिवा, मग बँकेतलं बाकडं. डबा घेऊनच जाते. वॉचमन मला बघितलं की पंखा लावतो. त्या बाकड्यावर बसलं की बरं वाटतं खरं सांगायचं तर. माणसं येतात, पासबुकं भरतात, भांडतात. घरी आलं की भांडायला भिंत.

तिसऱ्या लिलावाची नोटीस फाटकाला चिकटवून गेलेत. हंबीरराव म्हणाले, "बाई, मी काय जन्मभर थांबत न्हाय. बसवजयंतीपतूर बघतो, न्हायतर दुसरीकडं गोडाऊन बघतो." त्यांचं बरोबर हाय. रस्त्यापलीकडं चहाची गाडी लावते ती झुंबरबाई म्हणाली, "अक्का, एकट्या किती नाचणार? भावाला बोलवा की." मी म्हटलं, बोलावलंय, येतोय. खोटं बोलले.

तर आता सरळ विचारते. किंमत कमी का, ह्याचं खरं उत्तर शेडच्या मागं बसलंय. ते दाखवल्याशिवाय अर्ज पुढं सरकायचा न्हाय. आणि दाखवलं की मूल्यांकनाच्या दिवसाचं निघणार. त्या दिवशी मी बाजारातनं आले आणि मागं गेले, तर अप्पांवर ताडपत्री आणि वर भंगाराचा ढीग. मी काय काय बोलले ते तुझ्या ध्यानात असणार. बापाला भंगारात घातलंस म्हणाले. ह्या दारात परत पाय ठेवू नको म्हणाले. लहानपणापासनं माझा एक शब्द ऐकला न्हाईस तू, नेमका हाच ऐकलास.

सांगू का त्यांना? व्हय म्हण, न्हाय म्हण. काहीतरी म्हण.

अक्का


कागल, ३० एप्रिल २०२५

शिवू,

मार्चभर वाट बघितली. पोचपावती आली, ह्या वेळी सही तुझी. बाकी एक अक्षर न्हाय. मी ती पावती उलटी करून, उन्हात धरूनसुद्धा बघितली. मग म्हटलं, जिता हाईस एवढं कळलं, आणि न्हाय म्हणाला न्हाईस म्हणजे व्हय धरते.

ऋतुराज साहेब रजेवरनं आले त्या सोमवारी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "साहेब, किंमत कमी का ते कागदावर मावत न्हाय. गाडी काढा, दाखवते."

आले बाबा. सोबत मूल्यांकन करणारा नवीन माणूस होता, टेप घेऊन. मी दोघांना शेडच्या मागं नेलं. साहेबांनी बूट काढले, मोजे पण काढले. टेपवाला उगाच इकडंतिकडं बघत राहिला. साहेबांनी हात जोडले आणि मग जुना अहवाल उघडला. त्यांचा आवाज बदलला.

"ताई, ही समाधी कधीची?"

"सहा वर्षं व्हतील."

"हा अहवाल त्याच्यानंतरचा आहे. यात समाधी नाही. कर्ज वाढवून घ्यायला लपवली असेल तर ती फसवणूक झाली. आणि फसवणूक असली की सवलत विसरा, उलट पोलिसात जावं लागतं. कुणी लपवली?"

शिवू, माझं तोंड थरथरलं न्हाय. ते कवा थरथरलंय? म्हटलं, "लपवली न्हाय साहेब, झाकली होती. मी."

"तुम्ही?"

"मी. पावसाचे दिवस होते, शेड गळत होती. आतला माल आणि भंगार मागं काढलं आणि हितं रचलं. त्या दिवशी तुमचा माणूस टेप घेऊन येणार हे मला कुणी सांगितलं होतं? मी घरीसुद्धा नव्हते."

साहेबांनी अहवाल मिटला. "ताई, मी सोलापूरला पाच वर्षं काढलीत. तुमच्या लिंगायत लोकांत काय असतं मला ठाऊक आहे. बापाच्या समाधीवर भंगार ठेवाल तुम्ही?"

"उघड्या समाधीवर न्हाय ठेवणार. चारी बाजूंनी विटा रचल्या होत्या, विटांवर सागवानी फळ्या, फळ्यांवर अप्पांचं घोंगडं, त्यावर ताडपत्री. भंगाराचा भार फळ्यांवर, दगडावर न्हाय. या, वाकून बघा. एक ओरखडा दाखवा, मग मला पोलिसात न्या."

वाकले खरंच. बोटानं चाचपून बघितलं. टेपवालाही वाकला. उठले तवा साहेबांच्या गुडघ्याला माती लागली होती. ती त्यांनी झाडली न्हाय, तशीच ठेवून लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, की पाहणीच्या वेळी बांधकाम झाकलेलं असल्यानं त्याची नोंद राहून गेली.

"बरोबर?" म्हणाले.

"बरोबर," म्हटलं.

जाताना फाटकाजवळ थांबले. "फळ्या कुणी लावल्या हे मी विचारलं नाही," म्हणाले, आणि गेले.

त्या फळ्या मी त्याच दिवशी बघितल्या होत्या, शिवू. ताडपत्री ओढली तवाच दिसल्या. घोंगडंही दिसलं. पण तोंडातनं आधी बाहेर पडलं होतं ते पडलं होतं, आणि तू गाडीला किक मारली होतीस.

आज बसवजयंती. कागलात मिरवणूक गेली हायवेपतूर, मी फाटकात उभी राहून बघितली. हंबीररावांना जाऊन सांगितलं, अजून थोडं थांबा, आता कारण खरं हाय. म्हणाले, "बाई, तुम्ही बँकेत नोकरीला का न्हाय लागला?"

तुझी अक्का


कागल, २२ जून २०२५

शिवू,

मंजूर झालं!

मी कागद हातात घेऊन बाकड्यावर बसले तर वॉचमन पाणी घेऊन आला, त्याला वाटलं नामंजूर झालं म्हणून रडतेय. हंबीररावांची किंमत बँक घेणार, उरलेलं सोडणार, तुझं माझं दोघांचं नाव कर्जातनं मोकळं. तिसरा लिलाव रद्द. मधे अजून दोनदा हिसका बसला, तो लिहीत न्हाय. एकदा नवीन मूल्यांकनाचा आकडाच चुकीचा चढला, आणि एकदा वरच्या बाईनं विचारलं की समाधी दुसरीकडं हलवली तर किंमत वाढेल का. ऋतुराज साहेबांनी माझ्यासमोर फोनवर सांगितलं, "नाही मॅडम, ती हलणारी वस्तू नाही." मी तिथल्या तिथं त्यांना मनातनं दंडवत घातला.

आता अट ऐक. हंबीररावांचा वकील कडक हाय. त्यानं खरेदीच्या कागदात समाधी, जायची वाट आणि सोमवार, तिन्ही लिहिलं. मग पुढं लिहिलं की ह्यापुढं त्या जागेत आणखी कुणाला पुरायचं न्हाय.

तुला ठाऊक हाय अप्पांनी त्यांच्या डाव्या अंगाला जागा सोडायला सांगितली होती. मी तितं काय लावलं न्हाय, काय ठेवलं न्हाय. गवत आलं की उपटायचे. कुणी विचारलं न्हाय आणि मी बोलले न्हाय, पण माझं ठरलेलं होतं. लग्न करून दुसऱ्या घरी गेले असते तर गोष्ट वेगळी. मी ह्याच घरची, मला बसायचं तर अप्पांजवळ. रात्री झोप आली न्हाय तर तेवढाच एक आधार होता, की पुढं एकटं बसायचं न्हाय.

हंबीरराव म्हणाले, "बाई, एक हाय ते मी मानलं. पण माझ्या गोडाऊनाच्या मागं स्मशान न्हाय करायचं मला." चिडून न्हाय, समजावून म्हणाले. वकिलानं पेन पुढं केलं. मी म्हटलं, विचार करते. फाटकाबाहेर आले, झुंबरबाईकडं चहा प्यायले, परत आत गेले आणि होकार दिला. अप्पा बसल्या जागी राहतात हे महत्त्वाचं. माझं काय, मी मेल्यावर भांडायला थोडीच येणार हाय.

खरेदी २१ जुलैला, सोमवारी, कागलच्या रजिस्ट्रार ऑफिसात. जागेला तुझं नाव हाय, तुझी सही आणि अंगठा लागतो. आधार कार्ड आण. सकाळची बस पकडलीस तर दुपारी पोचशील, जेवण मी घेऊन येते. शिवांजलीची शाळा बुडत नसंल तर तिलाही आण.

ये.

तुझी अक्का


कागल, ११ ऑगस्ट २०२५, सोमवार

तम्मा,

अव्वा तुला धाकटा म्हणून ह्याच नावानं हाक मारायची, आई गेल्यावर तीच हाक मी मारायची. लई वर्षांनी लिहिलं. हाताला जरा जडच गेलं.

त्या सोमवारी मी दोन डबे नेले होते. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, आणि शिवांजलीला शेंगपोळी. रजिस्ट्रारच्या जिन्यात उभी राहिले, म्हणजे खालनं येणारा दिसतो. प्रत्येक टकलावरनं, प्रत्येक चष्म्यावरनं अंदाज बांधायचे, की एवढ्या वर्षांत तू कसा दिसत असशील. दुपारी वकील आला आणि म्हणाला, "तुमच्या भावानं मुखत्यारपत्र पाठवलंय, त्यांच्या वतीनं सही होईल." झाली. एका अनोळखी माणसानं तुझ्या नावानं सही केली आणि मी माझ्या नावानं. दुसरा डबा झुंबरबाईला दिला. तिनं काय विचारलं न्हाय, खाल्ला.

बँकेनं पैसे घेतले, खातं बंद झाल्याचा दाखला दिला. ऋतुराज साहेबांनी तो दोन्ही हातांनी दिला. मी आता कागलात झुंबरबाईच्या मागच्या खोलीत राहते. खोली बरी हाय. पाणी सकाळी येतं.

हंबीररावांनी शब्द पाळला. समाधीभोवती लोखंडी जाळी केली, वाट फरशीची केली. डाव्या अंगाच्या जागेवर मात्र काँक्रीट पडलं, त्यांना तितं पोती उतरवायला कट्टा पाहिजे. मी उभी राहून बघितलं. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्यात वॉचमन नवीन ठेवलाय, राधानगरीकडचा. गेल्या सोमवारी मी दिवा घेऊन गेले तर मला म्हणतो, "पावणं, कुणाकडं?" माझ्याच फाटकात. बसलिंगाप्पांकडं म्हटलं. तो म्हणाला, हितं असं कुणी कामाला न्हाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा वकील बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला, तुमच्या भावानं मुखत्यारपत्रावर सही करायच्या आधी मला फोन केला होता. एकच विचारलं, अक्काच्या जागेचं काय? मी त्यांना सांगितलं, ती आता होत न्हाय, तुमच्या बहिणीनं मान्य केलंय. तर त्यांनी फोन ठेवून दिला, म्हणाला.

मी भाजीची पिशवी घेऊन तितंच उभी राहिले. म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतास. मला उत्तर दिलं न्हाईस, तरी त्या रिकाम्या जागेचं तुझ्या मनाला लागलं होतं.

तर तू विचारलंस, त्याचं उत्तर मी देते. जागेची काळजी करू नको. गावाबाहेर आपल्या समाजाची रुद्रभूमी हाय, अव्वा तितंच बसलीय, मी तिच्याजवळ बसेन. जागा सगळ्यांना मिळते. पण बसवायला घरचं माणूस लागतं. जंगम मंत्र म्हणतील, विभूती लावतील. खाली उतरून पाठ धरायला, डाव्या तळहातावर लिंग ठेवून बोटं मिटायला घरचा हात लागतो. अप्पांच्या वेळी तूच उतरलातास. मी वरनं बघत होते, त्यांची मान कलंडू नये म्हणून तू आपला खांदा कसा लावला होतास. तसंच मला बसव. मुखत्यारपत्र पाठवू नको त्या दिवशी.

मी आजारी न्हाय, घाबरून जाऊ नको. एवढ्यात मरायचाही विचार न्हाय, वर्कशॉपवाले पगार वाढवणार हाईत. आणि त्या दिवसाचीच वाट बघत बसायचं, असंही काय न्हाय.

मी तुला म्हणाले होते, ह्या दारात पाय ठेवू नको. ते दार मी विकलं. बँकेनं मंजूर केलं, सरकारी शिक्का पडला. आता त्या दारात कुणी यावं आणि कुणी येऊ नये, हे सांगणारी मी कोण?

पुढच्या सोमवारी शेवटचा श्रावणी सोमवार हाय. सकाळी ये. वॉचमन विचारील, "पावणं, कुणाकडं?" सांग, अक्काकडं. त्याला मी सांगून ठेवलंय. मी आत असेन.

तुझी अक्का